रिकाम्या जागेच्या आसपास

माझा भाऊ फेलिसिमो गेला आणि नेमकी त्याच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेलाच, समुद्रापलीकडच्या इलोइलो शहरात देल्फाची परीक्षा आली. परदेशी इस्पितळात नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीत पास व्हावं लागतं. माझी ही भाची दोनदा नापास झाली होती. आता हुकलं तर तिची जागा दुसरीला जाणार होती.

आठव्या दिवशी दुपारची जपमाळ आटोपून मी तिच्यापाशी बसले. जन्मभर शाळेत मी इंग्रजीच शिकवलं. वहीत वाक्य होतं : ‘मयताच्या घरी शेजारी ____ होते, कुजबुजीपलीकडे कुणाचा आवाज नव्हता.’ देल्फानं निवडलेल्या शब्दाचा अर्थ होता, हसतेखेळते.

“अगं, हा कसा?”

“मग काय, आत्या? बाबांची शवपेटी घरात होती ते पाचही दिवस अंगणात पत्त्यांचे डाव रंगले. पेद्रिंगकाका तर पेटीकडे बघून म्हणाले, ‘ऊठ रे आळशा, तुझी पाळी!’ सगळे खो खो हसले. मीसुद्धा.”

आमच्याकडे मयताला एकटं ठेवत नाहीत. पत्ते, कॉफी, हसणं, सगळं त्याच्या सोबतीला.

“खरंय. पण हे वाक्य आपल्या घरचं नाही,” मी म्हणाले. “रिकामी जागा आपल्या मनानं भरू नये, बाळा. तिच्या शेजारी काय लिहिलंय ते बघ.”

तिनं पुन्हा वाचलं. “म्हणजे तिथे असे गप्प बसतात? आणि मी तिथे राहायचं?”

“तिथेही आधी आजूबाजूला बघायचं. मग बोलायचं.”

आतून वहिनी कडाडली, “बापाच्या नवव्याला पोरगी होडीत! लोक तोंडात शेण घालतील.”

“तिच्या वाटची माळ मी ओढेन, वहिनी.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या होडीनं ती इलोइलोला गेली. दुपारी परतली तेव्हा शेवटची प्रार्थना नुकतीच संपली होती.

“काही अडलं?” मी विचारलं.

“अडलं. शेजारचं वाचलं, सुटलं.”

“या नर्सबाई, पत्ते वाटा!” पेद्रिंग ओरडला.

देल्फा बसली. खेळणारे पाच, तिनं वाटले सहा जणांचे. सहावा डाव फेलिसिमोच्या नेहमीच्या, आता रिकाम्या बाकापुढे पालथा पडला. तिला ते दिसलं, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा ती रडली. पेद्रिंगनं हातातले पत्ते खाली ठेवले. आमच्या अंगणात कुजबुजसुद्धा उरली नाही.

महिन्यानं निकाल आला. देल्फा पास झाली. स्टुलावर चढून वहिनीनं माळ्यावरची बॅग खाली काढली आणि पुसायला घेतली.