हौसेला कलम नाही

कडब्याची गंजी डोक्याच्या वर गेली की उंट्याचे हात हटून बसत. पेंढी छातीपर्यंत यायची, पुढे खांदे अडायचे. हाच माणूस एके काळी शिडीशिवाय शेंड्यावर पेंढी फेकायचा, म्हणून तर नाव उंट्या पडलं. आता बायको गंजीवर पालथी पडून खाली हात सोडायची आणि पेंढी ओढून घ्यायची.

"निकाल लागला का गं?" बांधावरून शेजारीण ओरडली.

"लागला की! फौजदारानं यांना हात बांधून टांगलं हे कोर्टाला पटलं. मारलं तेही पटलं. पण छळ झाला नाही म्हणे."

"मग काय झोका दिला?"

"काही वदवून घ्यायला मारलं तरच तो छळ, असं कायद्यात लिहिलंय. पंप चोरला म्हणून यांना उचललं. पंप सकाळीच सापडला, मालकाच्याच गोठ्यात. त्यानंतर दुपारभर टांगलं ते हौसेनं. हौसेला कलम नाही. साधी मारहाण! थोडका दंड भरून फौजदार पुन्हा खुर्चीत."

"अगं बाई!"

"वकिलानं बजावलं होतं, 'कबूल कर म्हणत होते' एवढंच बोला. पण आमचं हे सोनं!"

उंट्या खालून म्हणाला, "काहीच विचारलं नाही तर नाही विचारलं. मीच ओरडत होतो, साहेब, काय पाहिजे ते विचारा, सगळं कबूल करतो. ते चहा पीत हसत होते. हेही सांगितलं कोर्टात."

"मग?"

"न्यायाधीश म्हणाले, बघा, म्हणजे हेतू नव्हताच."

शेजारणीने तोंडावर पदर धरला. हसू आलं की संताप, तिलाच कळेना.

"कायदा लिहिणाऱ्यांना आधी टांगायचं," बायको म्हणाली, "आणि मग लिहायला बसवायचं. वरच्या कोर्टात जातोय आम्ही."

"तिथे तरी वकिलाचं ऐका, भाऊजी."

"तिथेही हेच सांगणार. झालं तसं."

आभाळ काळवंडलं होतं. उंट्याने पेंढी उचलली. छातीशी आली आणि थांबली. दात आवळून त्याने ती आणखी वीतभर रेटली. बायको एवढी खाली सरकली की तिची वेणी त्याच्या कपाळाला लागली.

"दुखतंय?"

"दुखतंय."

"पण छळ नाही हो."

"छे, छळ कसला," तो म्हणाला आणि पुढच्या पेंढीला वाकला.