उताराची लांबी

महानंदानं रद्दीवाल्याकडून मागून आणलेला ताणकाटा व्हीलचेअरच्या पुढच्या दांडीला अडकवला, त्याला दोर बांधला आणि दोराचं टोक वर व्हरांड्यातल्या मुलींकडे फेकलं. खुर्चीत दहावीतली हर्षिता बसली होती. बाकीचा वर्ग उताराच्या दोन्ही बाजूंना उभा होता.

"किती जोर लागतो, ते आज सगळ्यांसमोर मोजते," महानंदा म्हणाली. "मग बघू, सर काय बोलतात."

तिचं डोकं सकाळपासून तापलं होतं. कानडी मुलखातल्या, बनशंकरीतल्या या शाळेनं तपासणीपुरता हा उतार बांधला होता. उतार कसला, घसरगुंडीच! उतार जितका लांब, तितका जोर कमी लागतो, हे ती दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत होती. पण तो लांब करायचा तर मुख्याध्यापक नरसिंहरावांची कार दुसरीकडे लावावी लागली असती. ती तिथंच, पायथ्याशी, ऐटीत उभी होती. आणि हर्षिताला मात्र वर्गात जायला रोज कुणाची तरी विनवणी करावी लागत होती. "रॅम्प आहे ना, मॅडम? आणखी काय पाहिजे?" हे सरांचं उत्तर आठवलं की महानंदाच्या अंगाची लाही लाही व्हायची.

"ओढा गं!"

"थांबा." हर्षितानं चाकं घट्ट धरली. "मी नाही बसणार, मॅम."

"अगं, तुझ्यासाठीच चाललंय हे."

"रोज मलाच ढकलतात. आज वजन म्हणूनपण मीच?" दोघींची घरची भाषा एक, म्हणून ती मराठीत बोलत होती, पण आवाज चिरकला होता. "सगळ्यांना बघायला उभं केलंत. मला विचारलंत का?"

महानंदाला तिचाही राग आला. एवढा खटाटोप हिच्यासाठी करायचा आणि वर हे ऐकून घ्यायचं!

"तुम्ही बसा," हर्षिता म्हणाली. "काटा मी वाचते."

दोन मुलींनी तिला आधार देऊन बाजूच्या कट्ट्यावर बसवलं. महानंदा साडी सावरत खुर्चीत बसली आणि तिनं पाय खुर्चीच्या पट्टीवर ठेवले. वरच्या मुलींनी दोर खेचला. खुर्ची अर्ध्यावर चढली आणि मागे घसरू लागली, थेट कारच्या दिशेनं. महानंदानं चाकं आवळली, तळवे सोलवटले.

"ब्रेक लावा, मॅम! दोन्ही!" हर्षिता ओरडली.

खुर्ची थांबली. कुणीतरी फिसकन हसलं.

आरडाओरडा ऐकून नरसिंहराव व्हरांड्यात आले. त्यांनी महानंदाकडे एकदा पाहिलं आणि शेजारच्या मुलींना विचारलं,

"मॅडमना काय झालंय? घ्या त्यांना खाली. स्वल्प, जरा जपून."

महानंदा संतापली. मी इथं समोर बसलेय आणि हा माणूस पोरींना विचारतोय! ताडकन उठायला तिनं एक पाय खाली टेकवला. तेवढ्यात तिची नजर कट्ट्याकडे गेली. हर्षिता काट्याकडे बघत नव्हती. महानंदाकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य मात्र जराही नव्हतं.

महानंदानं पाय उचलून पुन्हा पट्टीवर ठेवला.

"सर, मला विचारा," ती बसूनच म्हणाली. "आणि तुमची कार काढा."