बंटीभाऊंच्या गाडीचं नाक

मित्रांनो, मी एक जुना एअर फिल्टर आहे. गाडीच्या इंजिनाला लागणारी हवा गाळून देणं हे माझं काम. दिसायला मी अगदीच साधा. वहीएवढी रबरी चौकट आणि तिच्यात घड्या घालून बसवलेला पिवळट कागद. धूळ मी खायची आणि चांगली हवा इंजिनानं प्यायची, असा आमचा संसार. जन्मभर दुसऱ्याची घाण गिळलेल्यानं गोड बोलावं अशी अपेक्षा तुम्ही ठेवू नका. मी तोंडाचा फटकळ आहे आणि माणसांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे कागद राळेच्या चिकात बुडवला, भट्टीत भाजला, घड्या पाडल्या आणि ज्या गाडीत बसायचं तिच्या मापाला मला बेतलं. ती गाडी म्हणजे लालभडक, दोन दारांची स्पोर्ट्स कार. नागपूरच्या एका डॉक्टरांनी ती हौसेनं घेतली होती. ते फक्त रविवारी सकाळी, रिकाम्या रस्त्यावर ती चालवत. गाडी धुताना मला बाहेर काढून झटकायचे आणि अजून नवा आहे की, असं म्हणायचे. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच. पुढे त्यांची कंबर धरली आणि त्यांनी गाडी विकली.

घेतली कोणी? मारेगावच्या भगवानरावांच्या बंटीनं. भगवानरावांची गावाबाहेर जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुई काढायचा कारखाना. ते बोंडअळीचं साल होतं. शेतात बोंडं किडकी, बाजारात भाव पडलेला, जिनिंग कशीबशी एका पाळीत चालत होती. अशा साली या पठ्ठ्यानं जमिनीला पोट घासणारी गाडी आणली. गतिरोधक आला की बंटीभाऊ स्वतः खाली उतरायचे, वाकून बघायचे आणि मग मुंगीच्या चालीनं गाडी पलीकडे न्यायचे. मागून बैलगाडीवाला पुढे निघून जायचा. असली ती स्पोर्ट्स कार.

गाडी उभी असायची जिनिंगच्या दारासमोर, कापूस घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. आत यंत्रांच्या रांगेपुढे बाया उभ्या राहून कापूस पसरायच्या, कवडी-काडी, म्हणजे किडका कापूस आणि कचरा, वेचायच्या आणि माल यंत्रात सारायच्या. कापसाचं बारीक तूस धुक्यासारखं भरून असायचं. ते ओढून बाहेर फेकणारा एक मोठा पंखा होता, पण तो बंद पडलेला. त्या बायांमध्ये तुळसाबाई सगळ्यांत जुनी. तिच्या डोक्यावर, भुवयांवर, पापण्यांवर पांढरं तूस बसायचं आणि ती खोकायची. त्या वर्षी तिला एक वाक्य एका दमात पुरं करता येत नव्हतं. तिची सून दीपमाला तिच्या शेजारीच उभी राहून काम करायची आणि सासूच्या वाटणीचे जड ढीग स्वतःकडे ओढून घ्यायची.

दीपमालानं भगवानरावांना गाठून पंखा दुरुस्त करायला सांगितलं. डॉक्टरनं सासूला या हवेतून काढा म्हणून बजावलं आहे, हेही सांगितलं. घरी बसली तर तिची हजेरी बुडते आणि इथे उभी राहिली तर छाती जाते, आता तुम्हीच सांगा, असं तिनं विचारलं. भगवानरावांनी चष्मा पुसला.

"कापूस हाय तो, जहर नाही," ते म्हणाले. "पदर बांधा तोंडाले. औंदा पंख्याबिंख्याचं काही काढू नका."

त्याच दिवशी त्यांचे चिरंजीव गाडीच्या बॉनेटवर मोबाईल टेकवून माझ्या जागी कोणाला आणावं याचा विचार करत होते. मित्रांनो, लग्नाची मुलगी बघतानाही कोणी इतका विचार केला नसेल. फोमचा फिल्टर घ्यावा की कोरड्या जाळीचा? पेटीत बसणारा घ्यावा की उघडा, शंकूच्या आकाराचा? कोणत्यानं ताकद वाढते, कोणत्यानं आवाज फुटतो? व्हिडिओ बघून बघून त्यांचे डोळे लाल झाले. यवतमाळच्या, नागपूरच्या दुकानदारांना फोन झाले. गाडीला मोकळा श्वास मिळाला पाहिजे, हे त्यांचं पालुपद. हे ते इतक्या मोठ्यानं म्हणायचे की आत खोकणाऱ्या बाईलाही ऐकू जावं.

गाडी कुठे उभी असते आणि तिथल्या हवेत काय असतं, हे मात्र त्यांनी एकदाही कोणाला विचारलं नाही. फिल्टर निवडताना विचारायचं ते एवढंच असतं. बाकी सगळी चैन.

शेवटी परदेशी डबा आला. आत लाल टोपीचा चकचकीत शंकू. आणि तो कशाचा होता म्हणता? सुती जाळीचा, तेल लावलेल्या कापसाचा. ज्या मुलखात कापूस मातीमोल झाला होता, तिथे कापूसच डब्यात बसून साहेबासारखा आला. बंटीभाऊंनी माझी पेटी उपटली आणि मला ऑफिसच्या खिडकीत फेकलं. मी काही रडलो नाही. तिथून मला जिनिंगही दिसायची आणि गाडीही, आणि दोन्हीकडचा मूर्खपणा नीट बघता यायचा.

पहिले काही दिवस गाडी नुसती गुरगुरत होती आणि बंटीभाऊ खूश होते. मग शंकू मळला. तो धुऊन पुन्हा तेल लावायचं असतं. सोबत आलेली तेलाची बाटली यांनी पहिल्याच हौसेत रिकामी केलेली. दुसरी मागवायची तर आठवडा गेला असता. तेव्हा भगवानराव पुढे सरसावले. घरची सरकी, घरचा घाणा, तेलाची पिंपं भरलेली असताना बाहेरून तेल कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. बापलेकांनी मिळून त्या परदेशी शंकूला सरकीचं तेल चोपडलं, आणि तेही हात आखडता न घेता. डोक्याला तेल चोळावं तसं चोळलं. आयुष्यात त्या दोघांचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

सरकीचं तेल उन्हात चिकट होतं. वर जिनिंगचं तूस. पुढे काय झालं ते सांगायला शहाणपण लागत नाही. एका सकाळी, दारात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, बंटीभाऊंनी सगळ्यांसमोर इंजिन सुरू केलं. गाडी गुरगुरली, ठसकली, दोनदा खोकली आणि गप्प झाली. पुन्हा किल्ली फिरवली, पुन्हा तोच खोकला. रांगेतले लोक हसू लागले.

जिनिंगच्या यंत्रांचं काम बघणाऱ्या खेमसिंगला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडलं आणि शंकू बाहेर काढला. त्याच्यावर तुसाचा थर बसून दाबलेल्या लोकरीसारखा नमदा झाला होता. बोटानं उचकटला तर सालीसारखा निघाला. बाया काम सोडून दारात आल्या. भगवानरावांनी तो थर हातात घेतला, चाचपला आणि इतका माल हवेत जातो काय, असं पुटपुटले. त्यांना तिथेही नुकसानच दिसलं.

बंटीभाऊ मात्र कळवळले. "पप्पा, इथची हवा लय खराब हाय," ते म्हणाले. "गाडी इथं नाही ठेवू शकत. मांगच्या बाजूले शेड बांधून द्या, तिकडं तूस येत नाही."

भगवानरावांनी लगेच मान हलवली. दोन दिवसांत मागे टिनाचं शेड उभं राहिलं. खाली फरशी, तिन्ही बाजूंनी मोकळी हवा. पंख्यासाठी नव्हतं ते सगळं या शेडसाठी होतं. खेमसिंगनं मला झटकून पुन्हा पेटीत बसवलं आणि गाडी शेडमध्ये नेऊन लावली. मी पुन्हा कामाला लागलो. गरज पडली तेव्हा जागा परत दिलीत, थू तुमच्या या मानाला, असं मी मनात म्हणालो.

तिसऱ्या दिवशी दीपमालानं सासूचा हात धरला, सरकी भरायच्या, शिवायला पडलेल्या पोत्यांचा गठ्ठा डोक्यावर घेतला आणि तिला आणून शेडमध्ये गाडीशेजारी बसवलं. पोती शिवायचं काम बसून करायचं असतं आणि ते कुठेही करता येतं. बंटीभाऊ धावत आले. ही जागा गाडीची आहे, इथे कोणी बसायचं नाही, असा त्यांनी आरडाओरडा केला. भगवानरावही आले. तोवर आतल्या बायांनी यंत्रात माल सारणं थांबवलं होतं. बाहेर रांगेतले शेतकरी काय झालं म्हणून शेडकडे वळले.

दीपमालाचा आवाज चढला नाही.

"मालक, इथची हवा खराब हाय हे तुमच्याच पोरानं सांगतलं," ती म्हणाली. "गाडी दोन मयने उभी राह्यली तं तुम्ही तिची छाती खोलून पाह्यली. माही सासू माह्या लग्नाच्या आंधीपासून उभी हाय. तिची कोनं पाह्यली?"

भगवानरावांनी रांगेकडे बघितलं, बंद पडलेल्या यंत्रांकडे बघितलं. त्यांच्या मनात दया आली असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. यंत्रं थांबली की काय होतं एवढं त्यांना समजत होतं. बसू दे तिले, असं म्हणून ते निघून गेले.

तुळसाबाई बसली. पहिल्या दिवशी ती नुसती खोकतच होती. आठवड्यानं तिनं सुनेला, पाणी आण बाई, उन्हातून आलीस तूही पी, असं एका दमात सांगितलं. दीपमाला पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून रडायला लागली. मग ज्यांना ज्यांना खोकला होता त्या एकेक करून पोत्यांच्या कामावर येऊ लागल्या. पोती शिवून घेणं तर मालकालाही हवंच होतं. जागा पुरेना. होळीच्या सुमाराला बायांनी मिळून गाडी ढकलली आणि पुन्हा जिनिंगच्या दारासमोर, तिच्या जुन्या जागी, नेऊन उभी केली. बंटीभाऊ चार दिवस कोणाशी बोलले नाहीत. नंतर त्यांनी बुलेट घेतली.

पंखा अजून बंदच आहे, मित्रांनो. यंत्रापुढे अजून बाया उभ्या आहेत. त्यामुळे सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. गाडी कधीमधी सुरू केली की माझ्यावर पुन्हा तूस साचतं, घड्या भरत चालल्या आहेत. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तुम्ही आपल्या गाडीची काळजी घ्या, तिचा फिल्टर वेळेवर बदला, जरूर बदला. पण त्याआधी तुमच्या घरात, कारखान्यात, शेतात कोण खोकतं आहे ते जाऊन बघा. मला तर घाण गिळण्यासाठीच बनवलं होतं. तुळसाबाईला तिच्या आईनं त्यासाठी जन्म दिला नव्हता.