काळ्या घेवड्याचा वास

नाबोरची बायको ओदिलिया गेली आणि परसातलं तेमास्कल थंड पडलं, त्याला आता आठ महिने झाले होते. दगडमातीची छातीएवढी घुमटी ती. दार इतकं बुटकं की गुडघ्यांवर रांगतच आत जायचं. आत अंधारात ओदिलिया बसायची, तापलेल्या दगडांवर पाल्याचं पाणी मारायची आणि वाफेने लोकांचा घाम काढायची. नाबोर बाहेर असायचा. एकतीस वर्षं त्याने जाळ सांभाळला. आतून हाक आली की फावड्यावर लालबुंद दगड घ्यायचा आणि दारातून आत सरकवायचा. जाळवाल्याने आत जायचं नसतं. त्यामुळे आत नेमकं काय चालतं हे आल्यागेल्या पाहुण्यांना माहीत होतं, नाबोरला नव्हतं.

मुलगी ग्रिसेल्दा घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांना देत असे. ती त्याच्या मागेच लागली होती.

"बाबा, घुमटी पाडू या. लाकडी सौना बसवू. बटण दाबलं की गरम."

"आणि दगड?"

"असतात थोडे. शोभेला."

"पाडायची नाही."

"मग आत बसणार कोण? शनिवारी राजधानीतून नऊ पोरं येतायत, त्यांना तेमास्कलच पाहिजे. तुम्ही बसा. नीट पार पडलं तर राहू दे घुमटी. नाहीतर सोमवारी मी सौनावाल्याला फोन करणार."

"मी आत? मग दगड कोण देणार?"

"मी देईन. हात मोडलेत का माझे?"

शनिवारी सकाळी पोरं आली. त्यांच्या गटाचं नाव होतं 'घाम आणि गप्पा'. एका शनिवारी ती डोंगर पळत चढायची, दुसऱ्या शनिवारी सकाळी सातला कुठल्याशा बेकरीत नाचायची. सोबत बर्फाने भरलेलं निळं पिंप, आंबवलेल्या चहाच्या बाटल्या आणि बियांची बिस्किटं होती. गटाची म्होरकी मारिफेर. तिच्या बोटात एक अंगठी होती, ती मोबाइलवर तिच्या मनाची खबर द्यायची.

"काका, आज मी अडुसष्ट टक्के शांत आहे."

"बरं."

"आणि आम्ही दारू-बिरू घेत नाही हं."

"मग मजा कशी करता?"

"घाम गाळतो, काका!"

"माझ्या भावाच्या निवडुंगाच्या शेतात या. तो दिवसभर गाळू देईल."

पोरं हसली. नाबोर मात्र गंमत करत नव्हता.

स्वयंपाकघरात आढ्याला ओदिलियाने वाळवलेल्या पाल्याच्या जुड्या टांगल्या होत्या. कुठली कशाची, हे तिच्या डोक्यात होतं. नाबोरचं नाक तर एकतीस वर्षांच्या धुराने कामातून गेलेलं. त्याने सगळ्यांत जाड जुडी निवडली, बादलीत भिजवली आणि पोरांच्या मागोमाग रांगत आत शिरला. डोक्यावरची टोपी काढायला विसरला.

"काका, टोपी?" कुणीतरी म्हणालं.

"असू दे."

ग्रिसेल्दाने पहिले दगड दिले आणि दारावर घोंगडी सोडली. काळोख झाला. तेमास्कलमध्ये चार दारं असतात, म्हणजे घोंगडी चारदा उघडते आणि दर वेळी नवे दगड येतात. नाबोरला एवढंच नक्की ठाऊक होतं. त्याने पाणी मारलं. चर्र झालं, वाफ उठली.

सगळ्यांनी लांब श्वास घेतले.

"खोल आहे हा वास," एक मुलगी म्हणाली.

"पूर्वजांचा आहे," मारिफेर म्हणाली. "आत येऊ द्या त्याला. मोजा. चार आत, सहा बाहेर."

त्यांनी मोजलं. मग कोपऱ्यातून फाब्रिसियो नावाचा उंच मुलगा चाचरत म्हणाला, "मला वाटतं... घेवड्याचा आहे. काळ्या घेवड्याचा. माझ्या आजीच्या हंडीला असाच यायचा."

मग नाबोरच्या त्या निकामी नाकालाही कळलं. एपासोते! घेवडा शिजत आला की ओदिलिया हंडीत टाकायची तो पाला. त्याला वाटलं, संपलं. सोमवारी फोन.

"काका, हे मुद्दाम केलंत ना?" मारिफेरने विचारलं.

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण तो म्हणाला, "नाही. चुकलो. जुडी चुकली. इथे माझी बायको बसायची. ती गेली. मला फक्त दगड तापवता येतात."

मग अंधारातून आवाज आला, "म्हणजे आपण शिजतोय?"

"मीठ कुणी आणलंय का?"

"फाब्रिसियोला आधी काढा, तो शिजून गाळ झाला असेल!"

जे हसू फुटलं ते थांबेचना. मारिफेर "श्वास, श्वास" करत होती, मग तिचाच श्वास चुकला आणि तीही खिदळली. नंतर कोणाची आजी हंडीत काय टाकायची यावर भांडण लागलं. फाब्रिसियो म्हणाला, आजीला आपण जानेवारीपासून फोन केलेला नाही. त्याला सगळ्यांनी शिव्या घातल्या. नाबोरलाही बोलावंसं वाटलं.

"एकतीस वर्षं मी बायकोला सांगत होतो, एपासोते जास्त पडतो."

"आणि ती?"

"आणखी टाकायची."

तिसऱ्या दाराला ग्रिसेल्दाने घोंगडी उचलली, डोकं आत घातलं आणि तिथेच थबकली.

"बाबा, हे काय शिजवताय?"

"घोंगडी सोड. वाफ जाते."

चार दारं झाल्यावर पोरं लालेलाल होऊन बाहेर आली. बर्फाच्या पिंपात एकटा फाब्रिसियो उतरला आणि उतरला तसाच किंचाळत बाहेर पडला. बियांच्या बिस्किटांकडे कुणी पाहीना. सगळ्यांना घेवडा आणि पोळ्या हव्या होत्या.

"काका, एक्याण्णव टक्के!" मारिफेरने अंगठी नाचवली. "पुढच्या महिन्यात तेवीस जण येतो. वास हाच पाहिजे." आणि सगळी बाजारातल्या खानावळीकडे पळाली.

ग्रिसेल्दाने फावडं भिंतीला टेकवलं. नाबोर बाकावर बसला, ओली टोपी पिळली.

"तू कर त्या सौनावाल्याला फोन," तो म्हणाला. "पोरं खूश झाली ते ठीक आहे. पण तिच्या जागेवर मला बसवत नाही. तिथे बसलो की मला वाटतं ती बाहेर आहे, आणि बाहेर आलो की वाटतं आत आहे."

ग्रिसेल्दाने बूट काढले. घरात गेली आणि छोटी, राखाडी पानांची एक जुडी घेऊन आली.

"वाफेला ही असते. आईबरोबर मीच तोडायला जायचे."

"तुला माहीत होतं? मग सकाळी बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? टोपी घालून निघालात तरातरा. जाळात काही उरलंय का?"

"आठ-दहा दगड असतील."

"मग आणा."

ती रांगत आत गेली. आई गेल्यापासून ती आत गेली नव्हती. नाबोरने पहिला दगड सरकवला, दुसरा सरकवला. पाणी पडल्याचा आवाज आला. नाबोर फावडं धरून उभा राहिला.

"बाबा," अखेर आतून आवाज आला, चोंदलेल्या नाकातून.

"काय गं?"

"त्या मुलीला कळवा, तेवीस मावायचे नाहीत. मी अकराच घेईन."