काचेत चढणारं रक्त

"चढलं! रक्त चढलं!"

मोहाच्या झाडाखाली जमलेल्या गर्दीतून आरोळी उठली. काचबाबांनी दोन काचांची चौकट कटोरीत टेकवली की त्यातलं, आजाऱ्याच्या रक्ताचा थेंब मिसळलेलं पाणी काचांमधून आपोआप वर सरकायचं. ना फुंकर, ना धक्का.

"देवीआई दोष पिऊन राह्यली!" बाबा डोळे मिटून सांगायचे. "ज्याचं चढलं, त्याचा सिकलसेल गेला. ज्याचं नाई चढलं, त्याच्या पोटात दवाखान्याचं जहर आहे!"

दोष आई प्यायची, कोंबडा बाबा खायचे. अशी वाटणी होती.

मीराबाईच्या करिश्माचं रक्त पहिल्या खेपेला चढलं नाही. मीराबाईनं घरी येऊन लेकीच्या दवाखान्याच्या गोळ्या चुलीत टाकल्या. पुढच्या खेपेला चढलं. मायलेकी हसत घरी आल्या.

धाकट्या बहिणीला, रश्मीला, तिनं हे सांगितलंच नाही. रश्मी नागपूरच्या प्रयोगशाळेत रक्तपेशींच्या याच आनुवंशिक आजाराच्या तपासणीसाठी चकती बनवत होती. साच्यावर पारदर्शक रबर ओतायचं, घट्ट झालं की सोलून काचेवर चिकटवायचं. आत केसाहून बारीक नळ्या. त्यात रक्ताचा थेंब सोडला की विळ्यासारख्या वाकड्या पेशी कुठं अडकतात ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसायचं. कधी नळ्या तुंबायच्या, कधी रबर उखडायचं. रश्मी पुन्हा ओतायची. भाचीसाठीच तिनं हा विषय घेतला होता.

पावसाळ्यात करिश्माला ताप भरला, हाडं ठणकू लागली, मग छाती. चंद्रपूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. रश्मी पोचली तेव्हा पोरीचे हात थंड पडले होते.

"रक्त चढलं होतं ना वं," मीराबाई तेवढंच म्हणत राहिली. "माह्या डोयानं पायलं."

तेव्हा कुठं रश्मीला सगळं कळलं. बाबांच्या पुढच्या बैठकीला ती बहिणीला घेऊन मोहाखाली गेली. रिकाम्या कटोरीत तिनं कोरा चहा ओतला.

"महाराज, याचा दोष काढा."

"आईची चेष्टा करतेस?" बाबा गरजले.

गर्दीतले म्हातारे पोचूभाऊ पुढं आले. त्यांच्या नातवाचीही आज पाळी होती. "पाहू द्या ना, महाराज. आई चहाले भेते का?" आणि त्यांनीच चौकट उचलून चहात टेकवली.

चहा सरसर वर चढला.

"आता चहाले बी सिकलसेल होता का?" गर्दीतून एक बाई म्हणाली. हसलं कुणीच नाही.

चौकट एकच नसणार हे ओळखून रश्मीनं बाबांच्या झोळीतून दुसरी, अगदी तशीच चौकट काढली. काचांना आतून मेण चोळलेलं होतं. ती कटोरीत टेकवली, तर चहा खालीच थांबला.

"फट बारीक असली की काच पाण्याले स्वतःच वर ओढते," ती म्हणाली. "मेण लावलं की ओढत नाई. आमच्या प्रयोगशाळेत हे रोजचंच आहे. कोणाचं चढवायचं, ते बाबा चौकट उचलतानाच ठरवते."

बाबा उठू लागले, तसं लोकांनी त्यांना घेरलं. पोलीस पाटलांनी ठाण्यात फोन लावला.

मीराबाईचं तिकडं लक्ष नव्हतं. मेणाच्या काचेवरून ती बोट फिरवत होती.

"गोळ्या चालू असत्या तं वाचली असती का?"

'नाही, ताई' हे रश्मीच्या ओठांवर आलं होतं. त्या खोट्यानं बहिणीला निदान झोप लागली असती.

"खात्रीनं नाई सांगता येत, ताई. पण वाचायची आशा लय जास्त होती."

मीराबाई रडत खाली बसली. मग डोळे न पुसताच बायांकडे वळली.

"मी विचारलं नाई वं. कसं चढते, काऊन चढते, काईच नाई विचारलं. तुमी विचारा. देवाचं नाव घेणाऱ्याले बी विचारा. अन् घरी गोळ्या असतील तं आजच द्या लेकराले."