आर्वोच्या होडीतला पहिला सॅल्मन

माझ्या नवऱ्याची सगळी उमर दुसऱ्याच्या होडीत गेली. दुसरा म्हणजे माझाच थोरला भाऊ, तैस्तो. ऑगस्टमध्ये कोलंबिया नदीच्या मुखातून सॅल्मन मासे आत शिरू लागले की तैस्तो गळकाठी धरायचा आणि आर्वो त्याला आमिष लावून द्यायचा, मासा आला की जाळं धरायचा, आणि वर त्याच्या फुशारक्या ऐकायचा. निवृत्त झाल्यावर मात्र त्याने मला न विचारता एक जुनी पत्र्याची होडी घरी आणली. मी अबोला धरला. पण सुकाणूवर कुणीतरी हवंच होतं, म्हणून अबोल्यासकट मला होडीत बसवलं.

सुरुवातीचं काय सांगावं! पहिल्याच दिवशी होडी पाण्यात लोटली आणि तळाच्या, पाणी काढायच्या भोकाचं बूच गाडीतच राहिलं. घोट्यापर्यंत पाणी चढलं. मागे होड्यांची रांग खोळंबली आणि रांगेत नेमका तैस्तो. पुढच्या खेपेला मी गर्दीच्या उलट दिशेने होडी हाकली आणि तीन होड्यांच्या दोऱ्यांचा गुंता करून ठेवला. शिव्या आमच्या फिनिश भाषेतल्या होत्या, त्यामुळे मला सगळ्या कळल्या. आमिषाचं हेरिंग, म्हणजे गळाला लावायचा छोटा मासा, पाण्यात गिरक्या घेत गेलं पाहिजे. आमचं ओल्या मोज्यासारखं फरफटत यायचं.

तैस्तोने ते बूच गावभर केलं. एका सकाळी बेकरीत चारचौघांत तो आर्वोला म्हणाला, "तो पत्र्याचा टब विकून टाक आणि ये माझ्या होडीत. तुझी जागा अजून रिकामी आहे."

आर्वो सहसा चिडत नाही. त्या दिवशी चिडला. "रविवारी जेवायला ये. माझ्या होडीतला मासा खाऊ घालतो. नाही मिळाला, तर होडी विकली समज."

घरी आल्यावर मी त्याला जीभ आवरायला शिक म्हणून सुनावलं. खरं सांगायचं तर मलाच आता होडी विकायची नव्हती. पहाटेचं धुकं, थर्मासमधली कॉफी आणि इतक्या वर्षांत घरात कधी न गुणगुणलेला माझा नवरा. मला तिथे फार बरं वाटत होतं.

रविवारी भरतीबरोबर आम्ही दहा नंबरच्या तरंगत्या बोयाकडून आत येत होतो, आणि काठी एकदम पाण्यापर्यंत वाकली. आमच्याकडे ज्याच्या गळाला मासा, त्याची वाट. बाकीच्यांनी दोऱ्या गुंडाळायच्या आणि बाजूला व्हायचं. तोवर आम्हीच बाजूला होत आलो होतो. मासा धावत सुटला तो थेट तैस्तोच्या होडीकडे. तैस्तोने आमच्याकडे पाहिलं, मुकाट्याने आपल्या दोऱ्या वर घेतल्या आणि वाट दिली. माझ्या थोरल्या भावाने, आर्वोला!

बराच वेळ झुंजल्यावर मासा होडीला लागला. मी डोक्याकडून जाळं घातलं. काय मासा होता! जाळं उचलणार तोच आर्वो म्हणाला, "थांब."

शेपटीजवळ, पाठीवरचा तो बारीक पर शाबूत होता. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेल्या पिल्लांचा हा पर कापूनच त्यांना सोडतात, आणि तेवढेच मासे घरी न्यायचे. हा नदीचा होता. याला पाण्याबाहेरही काढायचं नाही.

"आर्वो, होडी जाईल," मी म्हटलं. मला रडू येत होतं. "कोण बघतंय?"

"मी बघतोय की."

त्याने वाकून गळ सोडवला, माशाचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला धरून ठेवलं. माशाने शेपटी मारली, आर्वोचं तोंड भिजवलं आणि गेला. आर्वो लहान पोरासारखा हसत होता. त्यानंतर आमच्या गळाला काही लागलं नाही.

संध्याकाळी तैस्तो आणि त्याची बायको हेल्मी आली. मी उकडलेले बटाटे, काकडी आणि बरणीतलं आंबवलेलं हेरिंग मांडलं. हेल्मीने ताटाकडे बघून सरळच विचारलं, "मग होडी कधी विकताय?"

आर्वो शब्दाचा पक्का. त्याने काटा खाली ठेवला. "उद्या जाहिरात देतो."

"कशाला?" तैस्तो घास चावत म्हणाला. "मासा मिळाला होता की."

"ताटात तर हेरिंग दिसतंय," हेल्मी म्हणाली.

"जंगली निघाला, सोडला. मी पाहिला. एवढा मला कधी लागला नाही."

माझ्या भावाने जन्मात दुसऱ्याचा मासा आपल्याहून मोठा म्हटला नव्हता. त्याने हात फाकून लांबी दाखवली, मग आणखी थोडे फाकले. एवढा काही नव्हता, असं आर्वो सांगायला गेला. मी टेबलाखालून त्याला लाथ मारली.

मग तैस्तोने उगाच काकडी पुढे ओढली आणि विचारलं, "तुझ्या त्या टबात तिसरा माणूस मावतो का रे?"

आर्वोने उत्तर द्यायला मुद्दाम वेळ लावला. आधी त्याला बटाटे वाढले.