दुसऱ्या खुर्चीवरून

"रविवारची रिले यानिक सांगेल. तू शेजारी बस, त्याला माहिती पुरव," संपादक थोरबेन कॉफीच्या मशीनपाशी म्हणाला.

वीबके हार्म्स आपला कप विसळत राहिली. स्कीवर पळायचं, मधेच थांबून बंदुकीनं नेम धरायचा, या बायथलॉनच्या शर्यती ती बावीस वर्षं याच वाहिनीवर सांगत होती. त्याही आडवारी दुपारच्या, कुणी न बघणाऱ्या. जागतिक स्पर्धेची रिले या खेपेला तिची, असा शब्द थोरबेननंच दिला होता.

"का?"

"पत्रं येतात गं. बाईचा आवाज शेवटी चिरकतो म्हणे."

"आणि यानिकचा?"

"तो स्वतः या शर्यती पळालाय. त्याचा चिरकला की लोक त्याला जोश म्हणतात," थोरबेन म्हणाला आणि स्वतःच हसला.

बाकीचे समालोचक प्रशिक्षकांना फोन करत. वीबके दर गुरुवारी खेळाडूंच्या आयांना करायची. पोरी सांगत नाहीत ते आया सांगतात. मिळेल ते ती कार्डावर उतरवायची.

रविवारी शेवटच्या नेमबाजीला देशाच्या संघातली मार्लीस आइखिंगर उभी राहिली. पाच गोळ्या, आणि पदक. पण ती गोळी झाडेना. हातमोजा काढून बोटं ओठांवर धरून राहिली.

"ती आता... ती काहीतरी..." यानिक अडखळला. त्यानं वीबकेकडे बघितलं.

मार्लीसचं कार्ड वीबकेच्या मुठीत होतं. सगळा देश ऐकत होता. आणखी चार सेकंद गप्प बसली असती, तर पुढच्या वर्षी समालोचकाची खुर्ची यानिकला मिळाली नसती. तिनं मूठ आवळली. मग कार्ड त्याच्यापुढे सरकवलं.

"ही गोठ्यातली सवय बरं का," यानिक खुलला. "पहाटे आईबरोबर दूध काढताना ही पोर अशीच बोटं उबवायची."

पाचही गोळ्या लागल्या. यानिकचा आवाज चांगलाच चिरकला.

शर्यत संपल्यावर वीबकेचा फोन वाजला. मार्लीसची आई होती.

"फ्राउ हार्म्स, किती छान बोलला हो तो मुलगा! आमचा गोठासुद्धा माहीत त्याला. हे तर रडायलाच लागले. त्याला आमचे आभार सांगाल ना?"

"सांगते."

यानिकभोवतीची गर्दी पांगेपर्यंत ती दाराशी थांबली. मग आत जाऊन तिनं बाईंचं नाव घेऊन निरोप शब्दन् शब्द सांगितला.

"कोण बाई?" यानिकनं विचारलं.

वीबकेनं बाईंचं नाव पुन्हा सांगितलं, गावासकट, सावकाश.